न केलेली थट्टा

२४ सप्टेंबर

आज काबुन्झी सफारी तळावर व्यवस्थापक म्हणून रुजू झालो. प्रवास दगदगीचा झाला, तरी मन फार प्रसन्न आहे. किट्वेच्या खाणीतील भांडारात सारी उमेद खर्ची घातल्यावर आणि सक्तीची निवृत्ती पदरात पडल्यावर, पन्नाशी उलटलेल्या वाणिज्य पदवीधराला कोणी लुआंग्वा नदीच्या काठी बोलावील असे मला वाटले नव्हते.

तळ म्हणजे नदीच्या उंच काठावरील गवताच्या आणि बांबूच्या झोपड्या. पावसाळ्यात नदी त्या घेऊन जाते आणि उन्हाळी पाहुण्यांसाठी त्या पुन्हा उभारतात. दरवर्षी नवे बांधकाम ही उधळपट्टी होय, असे माझे प्रथमदर्शनी मत झाले. परंतु ओसरीवर खुर्ची टाकून बसलो, समोरच्या वाळूवर पुकू हरणे उतरली, डोहातले पाणघोडे जागेवरून एकमेकांशी भांडू लागले आणि काठाच्या भिंतीतील बिळांतून लाल वेड्या राघूंचे थवेच्या थवे उसळले, तेव्हा ते मत मी मागे घेतले.

माझ्या मुलीला, मुसोंडाला, हे सारे दाखवायचे आहे. तिची आई गेल्यापासून आम्ही बापलेकच एकमेकांना उरलो आहोत. ती एन्डोलाच्या रुग्णालयात परिचारिका आहे. ऑक्टोबरअखेर रजा घेऊन येईन, असे तिने कबूल केले आहे.

नोकरवर्ग स्थानिक कुंडा जमातीचा आहे. अपवाद प्रमुख वाटाड्याचा. योबे शावा हा न्गोनी असून कुंडा बायको करून येथेच स्थायिक झालेला आहे. वय माझ्याच आसपास. डावा पाय किंचित ओढत चालतो. ती एका रानम्हशीने दिलेली देणगी होय, असे कळले. ओळख करून देताना माझे नाव ब्वेम्ब्या आणि मी बेंबा आहे एवढे कानावर पडताच तो माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आला, माझी टोपी उचलून त्याने स्वतःच्या डोक्यावर चढवली आणि साऱ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम सोडला, की पोरांनो, झाडावरची माकडं लपवा, माकडखाऊ आला! सारे खो खो हसले.

न्गोनी आणि बेंबा यांचे वैर आमच्या पणजोबांनी भाल्यांनी निस्तरले आणि उरले ते थट्टेवर सोडून दिले, हे आमच्याकडे पाळण्यातले मूलही जाणते. थट्टेच्या भाऊबंदाने काहीही बोलावे, काहीही उचलावे. रागवायचे नाही, उलट परत बोलायचे. परत बोलणे मला पदाला शोभेलसे वाटले नाही. मी स्मित केले.

२७ सप्टेंबर

कामाची घडी बसत आहे. पाण्याचा पंप दुरुस्त करून घेतला, पाहुण्यांच्या न्याहारीची वेळ नेमून दिली, स्वयंपाकघरात झाकण नसलेले एकही भांडे दिसता कामा नये असे माई चुलूंना बजावले. माई चुलू या येथल्या स्वयंपाकीण. साठीच्या, जाडजूड, हसतमुख. त्यांनी आज्ञा पाळली आणि माझ्या पाठीमागे माझ्या चालण्याची नक्कल केली. ती मी पाहिली नाही, असे दाखवले.

योबे शावाचा त्रास मात्र होतो. माझी खुर्ची तो हक्काने घेतो. कासामाहून आणलेल्या माझ्या सुकवलेल्या अळ्या त्याने माझ्याच ताटातून, माझ्या समोर बसून खाल्ल्या आणि वर म्हणाला, की म्सुवानी, म्हणजे भाऊबंदा, मीठ कमी आहे, बायकोला सांगायला हवं होतंस. अरे हो, ती तर तुझं तोंड बघून आधीच निघून गेली. मृत पत्नीवरून थट्टा! माई चुलूंनी मला बाजूला घेऊन समजावले: त्याला उंदीरखाऊ म्हणा साहेब, त्याचे बूट पळवा, त्याच्या लंगडण्याची नक्कल करा, बघा कसा खूश होतो, तुम्ही गप्प बसता म्हणून तो वाट बघत राहतो. व्यवस्थापकाने वाटाड्याचे बूट पळवावेत, हे मला प्रशस्त वाटत नाही.

त्याचे काम मात्र चोख आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. पाहुण्यांना घेऊन तो पायी हिंडतो. उंच गवत किंवा नाल्याचे वळण आले, की आधी मोठ्याने शिव्या घालतो: आजीबाई, ढुंगण हलवा, वाट द्या! हत्तिणी खरोखरच बाजूला होतात. तो जनावरांनाही भाऊबंदच समजतो.

२ ऑक्टोबर

आज जे घडले ते घडायलाच हवे होते.

सकाळचा चहा मोठ्या झाडाखाली चालला होता. परदेशी पाहुणे, सारे नोकर, मी. मुसोंडा येणार असल्याचे मी माई चुलूंना सांगत होतो. खोली झाडून ठेवायची होती. योबेने ते ऐकले. तो उठला, माझी टोपी डोक्यावर चढवली, कमरेला टेबलावरचा कपडा गुंडाळला आणि पाय ओढत नाचू लागला. माझी बायको येतेय, असे तो गाऊ लागला; सासरा चिक्कू आहे, पण पोरगी चंद्रासारखी आहे; सासऱ्या, गाडी पाठव, मी तिला आपल्या घरी घेऊन जातो! भाऊबंदाच्या मुलीला बायको म्हणणे ही आमच्याकडची जुनीच थट्टा आहे. बायका शिट्ट्या मारू लागल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष, शब्द तोलून सांगितले, की मी तुझा भाऊबंद नाही. हे नाते मी आज तोडले. माझ्या मुलीचे नाव पुन्हा तोंडातून काढशील तर येथे राहणार नाहीस.

असे कोणी म्हणत नाही. म्हणजे कोणीच म्हणत नाही. भांडणातही नाही, दारूतही नाही. माई चुलूंच्या हातातली किटली तशीच तिरकी राहिली आणि चहा जमिनीवर सांडत राहिला.

योबेने कमरेचा कपडा सोडला, माझी टोपी डोक्यावरून काढली, टेबलावर नीट ठेवली. प्रथमच तो मला साहेब म्हणाला. म्हणाला, साहेब, थट्टेत मागितलेलं थट्टेत द्यावं. नाहीतर मागणारा खरंच घेऊन जातो.

ही धमकी समजावी काय, असे मी विचारले. तो पाय ओढत निघून गेला. शिस्त लागली, याचे मला समाधान आहे.

६ ऑक्टोबर

योबे शावा आज मेला.

चहाच्या त्या प्रसंगापासून तो कोणाशीच बोलत नव्हता. हसणे नाही, गाणे नाही. पाहुण्यांना घेऊन आज मोपानीच्या रानात गेला, तेव्हाही गप्पच चालला होता. सोबतच्या बंदूकधारी रक्षकाने सांगितले, की नाल्याच्या वळणावर तो नेहमीप्रमाणे ओरडला नाही. वळणापलीकडे पिल्लासह हत्तीण उभी होती. रक्षकाला बंदूक उचलायलाही अवधी मिळाला नाही. पाहुणे सुखरूप आहेत.

रक्षक हे सांगताना माझ्याकडे पाहत होता. ओरडला का नाही, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

८ ऑक्टोबर

दफनासाठी योबेच्या गावी गेलो. उपस्थित राहणे हे माझे कर्तव्य होते.

कबर खोदून तयार होती, परंतु प्रेत खाली उतरवेनात. सारे माझ्याकडे पाहत बसले. शेवटी योबेची थोरली बहीण उठून आली. वाळलेली, उंच बाई. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. तिच्या हातात योबेचा जुना कोट होता. या साऱ्या खोऱ्यात बेंबा माणूस मी एकटाच आहे, तेव्हा रीत मीच करायला हवी, असे ती म्हणाली. रीत मला ठाऊक होती. मेलेल्याचा कोट घालायचा, त्याच्यासारखे चालायचे, त्याच्या आवाजात बोलायचे, कबरीच्या तोंडाशी आडवे पडून मला जागा द्या म्हणायचे, रडणाऱ्यांना हसवायचे. मग मेलेला समजतो, की थट्टा फिटली, आता जायला हरकत नाही.

पाहुण्यांपैकी दोघे आले होते, त्यांच्या हातात कॅमेरे होते. त्यांच्यासमोर मी धुळीत लोळावे? मी सांगितले, की त्याचे माझे नाते उरले नव्हते. हे मी सर्वांदेखत सांगितलेले आहे.

बहिणीने कोट माझ्यापुढे आणखी थोडा वेळ धरला. मग घडी घालून काखेत घेतला. ती म्हणाली, बरं. ज्याचं सोंग घेणारा कोणी नसतो, तो स्वतःच स्वतःचं सोंग घेतो. आणि सोंगाला अंग लागतं, साहेब.

कबर हसण्याविना बुजवली. माती पडल्याचा आवाज इतका स्पष्ट मी कधी ऐकला नव्हता. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारची चटई रिकामी राहिली. परतताना गाडीत कोणी माझ्याकडे पाठ करून बसले, कोणी चाकाच्या बाजूला थुंकले.

११ ऑक्टोबर

टोपी गेली. दुपारी जेवणानंतर डोळा लागला, तेव्हा ती छातीवर होती.

खुर्चीही जागेवर नव्हती. वाटेच्या टोकाला, भर उन्हात, माझ्या झोपडीकडे तोंड करून ठेवलेली सापडली. उन्हाने खुर्चीच्या कडा तापल्या होत्या. बैठक मात्र गार होती, नुकत्याच उकरलेल्या मातीसारखी गार. सर्वांना उभे करून जाब विचारला. मला छळण्याचा हा कट आहे आणि कटातील प्रत्येकाला मी घरी पाठवीन, असे बजावले. कोणी वर पाहिले नाही. एक जण फक्त पुटपुटला, की तो ओळीनं घेतोय.

माकडांचा एक कळप झोपडीभोवती बसून आहे. ओरडत नाहीत, काही उचलत नाहीत. माझ्याकडे पाहत बसतात. जणू बोलावल्यावरून आली आहेत.

१३ ऑक्टोबर

दुपारचे ऊन असे आहे, की पलीकडचा काठ वितळून हलतो. त्या हलण्यात माणूस होता. माझी टोपी. डावा पाय ओढत वाळूवरून चालला होता. वाटेतले पाणघोडे उठून बाजूला झाले. त्याने वळून हात केला, जसा आपल्या माणसाला करतात.

जेवायला बसलो. मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा घास मी वळत होतो आणि समोरच्या बाजूने ताट रिकामे होत गेले. माई चुलू दारात उभ्या होत्या. त्यांनी दुसरे ताट माझ्यासमोर, रिकाम्या बाजूला ठेवले आणि त्या निघून गेल्या. त्यांना थांबवले. उपाय विचारला. त्या म्हणाल्या, तुम्ही मागं कधी विचारलंत? आता मला विचारू नका. त्याला विचारा.

या बाईचा आवाज पूर्वी असा नव्हता.

१४ ऑक्टोबर

मोबाइलला येथे फक्त मोठ्या वारुळाच्या माथ्यावर संपर्क मिळतो. मुसोंडाला फोन केला. यंदा येऊ नकोस, एवढेच सांगायचे होते.

ती आधीच हसत होती. म्हणाली, ताता, कालच्यासारखं परत सुरू करू नका, माझं पोट अजून दुखतंय. मी विचारले, कालचे काय? ती म्हणाली, किती वर्षांनी तुम्ही असे बोललात! आई गेल्यापासून तुम्हाला हसताना ऐकलंच नव्हतं. आणि तो नवरा कोण शोधलाय माझ्यासाठी? लंगडा आहे, पण नाचतो छान, म्हणालात! तुम्ही बोलावलंत म्हणून रजा आधीच घेतली, तीन दिवसांत पोचते.

मी काल फोन केलेला नाही.

मी तिला सांगितले, की तो मी नव्हतो, येऊ नकोस, माझे ऐक, येथे तुझ्या जिवाला धोका आहे. ती हसत सुटली. पुरे ताता, पुरे, म्हणाली. मी विनवले. मी रडलो. ती आणखी हसली आणि म्हणाली, किती हुबेहूब रडता!

खाली माई चुलू उभ्या होत्या. काल तुम्ही वारुळावर उभं राहून केवढ्यानं हसत होतात, असे त्यांनी सांगितले. टोपी घालून.

१५ ऑक्टोबर

बस गाठून ती म्फुवेला उतरेल. तेथून आणायला आपली गाडी जाते. गाडी पाठवायची नाही, असे चालकाला फर्मावले. तो पोट धरून हसला. म्हणाला, साहेब, आता कसे माणसात आलात!

पुन्हा सांगितले. किल्ली मागितली. ओरडलो. सारे गोळा झाले आणि हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. इतके दिवस माझ्याशी न बोलणारी माणसे.

जे मी गंभीरपणे बोलतो ते त्यांच्या कानांपर्यंत तसे पोचत नाही. मध्येच कोणीतरी घेते.

मालकांना लुसाकाला फोन केला. तेही हसले. म्हणाले, ब्वेम्ब्या, तुमच्यात हा गुण आहे हे मुलाखतीत का नाही सांगितलं?

१६ ऑक्टोबर

भर दुपारी योबेच्या गावी गेलो. पायी. माकडे वाटेभर बरोबर होती.

बहिणीकडे कोट मागितला. आता रीत करतो म्हणालो. तिने कोट दिला. म्हणाली, कबरीचं तोंड उघडं होतं तेव्हा लाजलात, आता बुजलंय. करून बघा.

केली. कोट घातला. कबरीशेजारी धुळीत लोळलो. पाय ओढला. उंदीरखाऊ म्हणालो, लंगडा म्हणालो, सरक, मला जागा दे म्हणालो. बायका कुडापाशी उभ्या राहून पाहत होत्या. एकही हसली नाही. मी आणखी मोठ्याने— त्याच्या आवाजात— आवाज चांगला जमला. फारच चांगला.

मग हसणे आले. बायकांकडून नव्हे. माझ्या अंगाखालून. जमिनीतून, पोटाला गुदगुल्या व्हाव्यात तसे.

कोट काढून टाकला. वाटेत लक्षात आले, की अजून लंगडतो आहे. डावा पाय. थांबवता येत नाही—

परत येऊन पाहिले तर कोट अंगात आहे.

१७ ऑक्टोबर, सकाळ

गाडी पहाटेच गेली. किल्ली माझ्याच उशाखाली होती. चालक म्हणे, तुम्हीच तर दिलीत, वर गाणं म्हणून दाखवलंत.

ठरवले आहे. फाटकाशी उभा राहीन. काही बोलणार नाही. बोलले की हसतील. फक्त हाताने परत जा म्हणेन. गाडीसमोर आडवा पडेन. आडवे पडणे तरी—

आरशात पाहिले. टोपी आहे. केव्हापासून—

दुपार

धूळ दिसते. पलीकडच्या वळणावर.

मुसोंडा पुढे बसली आहे. निळ्या कापडाचा चितेंगे बांधला आहे, तिच्या आईचा. ती हात हलवते. मी हात वर— हात टाळ्या वाजवतो. मी नव्हे. पाय नाचतो—

बायका शिट्ट्या मारत आहेत. माई चुलू तेवढ्या हसत नाहीत. त्या माझ्याकडे पाहतात. त्यांना कळले आहे. माई, तिला थांबवा, तिला सांगा, हा मी—

त्या तोंडावर चितेंगेचे टोक घेऊन आत गेल्या.

परमेश्वरा, मुसोंडा, परत फीर. तुझा ताता येथे आहे, या कागदावर आहे, एवढाच उरला— हे तरी वाच, हे थट्टेत नाही, हे खरे— हे अगदी खरं आहे गं पोरी, खरंच चंद्रासारखी आहेस की! बघ तरी सासरा कसा बसलाय लिहीत, एवढी बायको दारात आली नि हा माकडखाऊ शाई उडवतोय. सरक रे म्सुवानी. खुर्ची घेतली, टोपी घेतली, आता ही लेखणी काय तुझ्या बापाची? दे इकडं. रडतोस काय असा? पोरगी गाडीतून उतरली बघ, हसतेय, धावत येतेय माझ्याकडं. अरे, तूच म्हणालास ना नातं नाही. मग मी घेतलं तर तुला का लागावं? थट्टाच तर—